डाग आणि बांगड्या

सांगली,
१० फेब्रुवारी

प्रिय बुटके,

परवा फोनवर तू दबकत विचारलंस, "डाग कमी झाले का गं?" मी "बरं आहे" म्हणून विषय वांग्यांच्या भावावर नेला. खरं उत्तर जरा लांबलचक आहे, म्हणून हे पत्र.

कोडामुळे गेलेला चेहऱ्यावरचा रंग बराच परतला. मनगटं आणि बोटांची टोकं मात्र तशीच पांढरी आहेत. डॉक्टरांनी हे आधीच सांगून ठेवलं होतं. रंग परततो तो बहुतेक केसांच्या मुळांतून, आणि बोटांच्या टोकांना केस कुठले! फोटोथेरपी (म्हणजे प्रकाशकिरणांचे उपचार), मलम, थायरॉइडची तपासणी हे सगळं रीतसर चालू आहे. सोबत नातेवाइकांचे सल्लेही. "दूध आणि मासे एकत्र खाल्लेस का?" हे मला आजवर निम्म्या गोतावळ्यानं विचारलंय. आमच्या घरात मासा फक्त मुलांच्या चित्रकलेच्या वहीत असतो, हे ठाऊक असूनही! आपलीच प्रतिकारशक्ती रंग तयार करणाऱ्या पेशींवर उलटते, हे एकाचं दुसऱ्याला होत नाही, जगात शंभरात एखाद्याला असतंच, हे सगळं मला पाठ होतं. तरी मे महिन्याच्या काहिलीत मी लांब बाह्यांत शिजत होते आणि हळदीकुंकवाला हात पदराखाली धरत होते. माहिती असली म्हणून भीती जातेच असं नाही ना.

डिसेंबरात भाचीचं लग्न झालं. चुडा भरायला कासारीण घरी आली. घरातल्या सगळ्या बायका तिच्यापुढे ओळीनं बसल्या. गेली कित्येक वर्षं मी बांगड्या भरल्या नव्हत्या, कारण त्यासाठी आपला हात दुसऱ्याच्या हातात द्यावा लागतो. माझी पाळी आली तशी मी पाण्याचं निमित्त काढून उठायला लागले, तर तिनं पंजा धरलाच. चांगला दाबून, अंगठ्याचं हाड आत घेऊन पाहिला. म्हणाली, "दोन-चारची बसंल. हात सैल सोडा ताई, ताठ धरलासा तर काच फुटंल." डागांकडे तिचं लक्षच नव्हतं. तिला काळजी तिच्या काचेची! बाई माझे पंजे चोळत होती आणि शेजारणीशी कांद्याच्या दराबद्दल बोलत होती. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! हिरव्यागार बांगड्या कोपरापर्यंत भरून घ्याव्यात असं वाटलं. नवरीच्या आईनं डोळे वटारले म्हणून थांबले.

आता मी अर्ध्या बाह्या घालते. सकाळी आयर्विन पुलावरून चालताना कृष्णेवरचा वारा उघड्या दंडांना लागतो, तेव्हा उगाच हसू येतं. (डाग उन्हानं पटकन भाजतात, म्हणून सनस्क्रीन चोपडूनच निघते. नाहीतर तू लगेच ओरडशील.) गेल्या आठवड्यात ओल्या हळदीचं लोणचं घातलं. किसून किसून दोन्ही हात पिवळेजर्द झाले. डाग कुठला आणि कातडी कुठली, मलाच कळेना. ते हात घेऊन मी मुद्दाम वाण्याकडे गेले.

लोक बघायचे थांबलेत असं मात्र समजू नकोस. परवाच बसमध्ये एका बाईनं माझ्याशेजारचं पोर उचलून पलीकडे बसवलं. लागलं मला, नाही असं नाही. पण पूर्वी असतं तर पुढच्या थांब्यावर उतरून चालत घरी आले असते. परवा सीट रिकामी झाली तशी पिशवी तिथे ठेवली आणि भडंगाची पुडी संपवली.

मे महिन्यात येशील ना? तुझ्या मुठीचं माप कळव. त्या कासारणीचं दुकान कुठे आहे ते मी विचारून ठेवलंय. आणि दर ग्रुप फोटोत तू "माझी उंची कमी" म्हणत दुसऱ्यांच्या पाठीमागे दडतेस, त्यावर आपण समोरासमोर बोलू. पत्रात लिहिलं तर चिडून तिकीट रद्द करशील.

तुझीच,
लंबू