सिस्टर, तुम्ही खुर्ची ओढून बसलात

प्रिय सिस्टर,

तुमच्यासमोर पहिल्यांदा आले तेव्हा दोन गर्भपातांची फाइल मांडीवर होती आणि डाव्या पायाच्या शिरेत गुठळी. रिपोर्टमध्ये ‘ल्युपस अँटिकोॲग्युलंट’ पॉझिटिव्ह. अँटिकोॲग्युलंट म्हणजे रक्त गोठू न देणारं, मग गुठळी झालीच कशी? ज्याला विचारलं त्याने पुढच्या टेबलाकडे बोट दाखवलं. तुम्ही मात्र खुर्ची ओढून बसलात. नावच फसवं आहे म्हणालात. ही आपल्याच शरीराने चुकून स्वतःविरुद्ध बनवलेली अँटीबॉडी. परीक्षानळीत या अँटीबॉडीमुळे रक्त उशिरा गोठतं, शरीरात मात्र ती गुठळ्या करते. ल्युपस हा आजार असायलाच हवा, असंही नाही.

एखाद्या इन्फेक्शननंतरही या अँटीबॉडी तात्पुरत्या दिसतात, म्हणून किमान 12 आठवड्यांनी तपासणी पुन्हा करतात, हे तुम्हीच सांगितलंत. यासाठी तपासतात त्या तिन्ही प्रकारच्या अँटीबॉडी दुसऱ्यांदाही पॉझिटिव्ह आल्या. आजाराचं नाव अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम; त्यात गुठळ्या होतात, गर्भपातही होतात. मी रडत विचारलं, जिने चढले म्हणून बाळं गेली का? तुम्ही माझा हात धरून म्हणालात, “नाही. तुमचं काहीच चुकलं नाही.” घरात तोवर हे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं.

गुठळ्या रोखणारी वॉरफरिनची गोळी, रक्त किती उशिरा गोठतं ते सांगणारा आयएनआरचा आकडा 2 ते 3 मध्ये ठेवणं, पालेभाजी बंद न करता रोज साधारण तेवढीच खाणं, अंगदुखीच्या गोळ्या मनाने न घेणं, हे सगळं तुमच्याकडून शिकले. आयएनआरच्या सारख्या तपासण्या नको म्हणून गुठळ्या रोखणाऱ्या नव्या गोळ्या मागितल्या, तेव्हा तिन्ही अँटीबॉडी असलेल्यांना त्या गोळ्यांवर वॉरफरिनपेक्षा पुन्हा गुठळ्या होण्याचा धोका जास्त असतो, हेही तुम्ही न चिडता समजावलंत.

पाळी चुकली त्याच दिवशी तुम्हाला फोन केला. वॉरफरिन बाळाला घातक ठरू शकतं, म्हणून डॉक्टरांनी ते थांबवून हेपॅरिन हे गुठळ्या रोखणारं इंजेक्शन आणि कमी डोसची ॲस्पिरिन दिली. दिवसातून दोन इंजेक्शनं, आणि मला तर सुईची भीती! बेंबीपासून दोन इंच सोडून कातडी चिमटीत धरायची, तयार भरून आलेल्या सिरिंजमधला बुडबुडा काढायचा नाही, सुई सरळ आत, औषध संपेपर्यंत चिमटी सोडायची नाही, नंतर चोळायचं नाही. पहिल्या दिवशी माझ्या थरथरत्या बोटांवर तुमची बोटं होती.

मुलगी आता धावते. मी पुन्हा वॉरफरिनवर आहे. आयएनआरची तिसरी वही सुरू आहे, पण पहिल्या वहीतलं तुमच्या अक्षरातलं ‘2 ते 3’ लिहिलेलं पान मी प्रत्येक नव्या वहीत चिकटवते.

तुमची,
एक पेशंट