वेंगुर्ल्याची मतं कोण ठरवतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निवडणूक जवळ आली की आमच्या भागाचं वर्णन 'अमुक पक्षाचा बालेकिल्ला' असं छापून येतं. आपल्या अंकातल्या ताज्या लेखातही तेच होतं. मी वेंगुर्ल्यात वाढले, याच तालुक्यात शिक्षिका होते, आणि निवडणुकांत मतदान केंद्रावरची ड्युटी करत आले. आमची मतं तुम्ही सांगता तशी ठरत नाहीत, म्हणून हे पत्र.

बॅ. नाथ पै वेंगुर्ल्याचे. 1957, 1962 आणि 1967 अशा तिन्ही वेळा ते राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर गेले. जानेवारी 1971 मध्ये त्यांचं निधन झालं आणि मार्चमध्ये निवडणूक लागली. माझे वडील तेव्हा परळला गिरणीत होते. दर महिन्याला मनीऑर्डर यायची आणि मागून पत्र. आईला वाचता येत नसे, त्यामुळे ते पत्र मीच वाचून दाखवायचे. त्या महिन्यातल्या पत्रात भातबियाण्याचं, आजीच्या औषधाचं लिहून शेवटी काँग्रेसला मत घालायला सांगितलं होतं. देशभर इंदिरा गांधींची लाट होती, मुंबईत तेच वारं असणार. आईने सगळं नीट ऐकून घेतलं. मतदानाच्या दिवशी डोक्यावर पदर घेऊन गेली आणि झोपडीवर, म्हणजे नाथ पैंच्या प्रजा समाजवादी पक्षाच्या चिन्हावर, शिक्का मारून आली. मी विचारलं तर म्हणाली, "नाथ गेलो, तेचो माणूस इलो हा. मत माझा, पत्रात लिवन येता तसा कित्याक घालू?"

तो माणूस म्हणजे प्रा. मधु दंडवते. जन्माने अहमदनगरचे, मुंबईत पदार्थविज्ञान शिकवणारे. त्यांचं इथे ना घर ना भावकी. तरी त्यांना राजापूरने 1971 पासून 1989 पर्यंत सलग पाच वेळा निवडून दिलं. त्यात 1980 आणि 1984 ही काँग्रेसच्या लाटेची वर्षंही आली. मग 1991 मध्ये ते हरले, काँग्रेसचे सुधीर सावंत आले. 1996 पासून चार वेळा शिवसेनेचे सुरेश प्रभू. जे गाव समाजवाद्यांचं म्हणून ओळखलं जायचं ते पाच वर्षांत सेनेचं कसं झालं, याचं उत्तर मला गिरणगावातच दिसतं. 1982 च्या गिरणी संपानंतर माझ्या वडिलांसारखे कितीतरी जण गावी परतले. शिवसेनेच्या शाखेची सवय, तिथली भाषा आणि तिथली माणसं त्यांच्याबरोबर आली. पत्रातून सांगितलं जायचं ते आता घरातच, समोर बसून सांगितलं जाऊ लागलं.

त्यानंतर मात्र मतदाराने पक्ष बदलला की पक्षाने मतदार, हेच कळेनासं झालं. नारायण राणे 1990 ला शिवसेनेचे आमदार म्हणून मालवणातून निवडून आले. 2005 मध्ये काँग्रेसमध्ये जाऊन त्यांनी तिथलीच पोटनिवडणूक जिंकली. 2014 ला कुडाळमध्ये हरले आणि 2024 ला भाजपकडून खासदार झाले. आमचे आमदार दीपक केसरकर 2009 ला राष्ट्रवादीचे होते, 2014 ला शिवसेनेचे, 2024 ला शिंदेंच्या शिवसेनेचे. माणूस तोच, मत देणारी घरंही बहुतेक तीच. याला पक्षाचा बालेकिल्ला म्हणताना तो नेमका कोणत्या पक्षाचा?

आता मला मुख्य म्हणजे जे सांगायचं आहे ते. 2011 च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे स्त्रिया रत्नागिरी जिल्ह्यात 1122 आणि सिंधुदुर्गात 1036 होत्या. मतदान केंद्रावर बसलं की हा आकडा डोळ्यांनी दिसतो. न आलेल्या पुरुषांबद्दल विचारलं की "मुंबईक आसा", "गोव्याक कामाक" हीच उत्तरं परत परत येतात आणि बायकांची रांग मात्र दुपारपर्यंत संपत नाही. लोकसभेला गेल्या वेळी 7 मे रोजी, काजूच्या हंगामात मतदान झालं. बोटांना काजूचा डीक लागलेल्या बायका शाई लावून घ्यायला हात पुढे करतात, ते मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे.

पण उमेदवार कुणाला भेटतात? देवळात मानकऱ्यांना, मुंबईत ग्रामस्थ मंडळाला. कुणाला मत घालायचं हे तिकडे ठरतं आणि मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गावात येतं. पूर्वी निदान पत्राला आठवडा लागायचा. बायकांसाठी हळदीकुंकू आणि एखादं वाण, की झालं. बातमीदारही नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर चार पुरुषांशी बोलतात आणि 'मतदारांचा कल' लिहितात.

रांगेतल्या बायका काय बोलतात ते मी ऐकलेलं आहे. अडलेल्या बाळंतिणीला रात्री गाडी करून गोव्याला न्यावं लागतं. काजू बीला भाव मिळत नाही. एलईडी लावून मासेमारी करणारे ट्रॉलर किनाऱ्यापर्यंत मासळी ठेवत नाहीत, त्यामुळे विकायला टोपलीभरही मिळत नाही. माकडांनी नि गव्यांनी परसातलं काही हाती लागू दिलं नाही. यातलं एकही वाक्य मला आजवर निवडणुकीच्या बातमीत वाचायला मिळालेलं नाही.

आपल्या बातमीदाराला एकदा सकाळी वेंगुर्ल्याच्या मासळी बाजारात पाठवा. साडेआठच्या आत यायला सांगा, नंतर बायका गावोगाव विकायला निघून जातात. तिथे कुणी बोलायला तयार झालं नाही तर माझ्याकडे आणा, मी बरोबर येईन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, वेंगुर्ले