चुंबकी अँटेना घेण्याआधी गाडीचा टप पाहावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाहनावर बसवायच्या हौशी रेडिओच्या अँटेनाची जाहिरात असो वा परीक्षण, त्यात दोन आकडे हमखास ठळक असतात: गेन (सिग्नल ठरावीक दिशेला एकवटण्याची क्षमता) किती डेसिबल आणि उंची किती. तो अँटेना कोणत्या गाडीवर, टपाच्या कोणत्या भागात ठेवून मोजला, याचा उल्लेख मात्र क्वचितच सापडतो. नव्याने परवाना मिळालेले अनेक हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक, याच आकड्यांवर विसंबून खरेदी करतात, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे. चुंबकी बैठकीचा अँटेना, म्हणजे आमच्या बोलण्यातला ‘मॅग माउंट’, विकत आणला तरी तो अर्धाच हाती आलेला असतो. उरलेला अर्धा म्हणजे गाडीचा टप. त्यामुळे निवडीची सुरुवात टपापासून व्हायला हवी.

१४५ मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे ‘दोन मीटर बँड’वर, तरंगलांबी दोन मीटरहून किंचित जास्त असते आणि तिच्या चतुर्थांशाइतकी, म्हणजे साधारण ४९-५० सेंटिमीटरची कांडी हा सर्वांत साधा वाहन-अँटेना. कांडीत जेवढा प्रवाह वाहतो तेवढाच तिच्या बुडाभोवतीच्या धातूच्या पृष्ठभागातही वाहावा लागतो, आणि त्यासाठी चहूबाजूंनी निदान कांडीच्या लांबीइतका पत्रा मिळाला तर उत्तम. म्हणूनच टपाचा मध्य ही पहिली पसंतीची जागा ठरते. तोच अँटेना डिकीच्या झाकणावर किंवा टपाच्या कडेला ठेवला की प्रक्षेपण एका दिशेला झुकते, आणि गाडी वळली की समोरच्या स्टेशनाला आपला सिग्नल का बदलला हे कळत नाही.

चुंबक रंगाच्या थरावर बसतो. पत्र्याला त्याचा विजेचा संपर्क होतच नाही. बैठक आणि पत्रा या दोन पट्ट्या व मधला रंग मिळून एक कपॅसिटर तयार होतो आणि रेडिओ प्रवाह त्यातून टपाकडे जातो. उदाहरणादाखल हा कपॅसिटर १०० पिकोफॅरडचा धरला, तर १४५ मेगाहर्ट्झला त्याचा अडथळा सुमारे ११ ओहम भरतो, जो चालून जातो. ७ मेगाहर्ट्झला मात्र तोच २२५ ओहमच्या वर जातो. दोन मीटर व ७० सेंटिमीटर (४३५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या) बँडवर उत्तम चालणारी एका चुंबकाची बैठक एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झ) निराश करते ती यामुळे. टपाकडे जाऊ न शकलेला प्रवाह मग केबलच्या बाहेरच्या जाळीवरून परत गाडीत शिरतो, मायक्रोफोनला हात लावताच चटका बसतो आणि दोष बिचाऱ्या रेडिओला दिला जातो. एचएफसाठी तीन-चार चुंबकांची रुंद बैठक घ्यावी आणि शिवाय आखूड, रुंद विणलेल्या पट्टीने ती गाडीच्या सांगाड्याला जोडावी. पण हे सारे करायचे असेल तर बोल्टने पक्का बसवलेला अँटेनाच बरा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुळात टपाला चुंबक चिकटतो का, हेही पाहिले पाहिजे. ॲल्युमिनियम, फायबर, कार्बन फायबर किंवा पूर्ण काचेचा टप असलेल्या गाड्या आता दुर्मीळ नाहीत. छोटा चुंबक मऊ फडक्यात गुंडाळून टपावर टेकवला की निकाल लगेच लागतो. अशा टपावर लोखंडाची तबकडी चिकटवून चुंबक बसवण्याची युक्ती काही जण सुचवतात. ॲल्युमिनियमच्या टपावर ती पटण्यासारखी आहे, कारण खालचा पत्रा प्रवाहाला मिळतो; पण काच किंवा फायबर असेल तर तबकडीने फक्त पकड मिळते, पृष्ठभाग मिळत नाही. तिथे पत्र्यावर फारसा न विसंबणारा अर्धतरंग अँटेना घ्यावा किंवा डिकीच्या कडेला पकडणारी बैठक निवडावी.

आता गेनच्या आकड्याकडे येतो. डेसिबल ही तुलना आहे. कशाशी तुलना केली हे सांगितल्याशिवाय तिला अर्थ नाही. सर्व दिशांना सारखे प्रक्षेपण करणाऱ्या काल्पनिक अँटेनाशी तुलना केली तर आकडा डायपोलशी, म्हणजे दोन कांड्यांच्या साध्या अर्धतरंग अँटेनाशी, केलेल्या तुलनेपेक्षा २.१५ डेसिबलने फुगलेला दिसतो, आणि विक्रेत्याला कोणता आकडा आवडतो हे सांगायला नको. पाच-अष्टमांश तरंगाचा अँटेना चतुर्थांश तरंगापेक्षा सुमारे तीन डेसिबल सरस असतो हे विधान अमर्याद सपाट धातूच्या पृष्ठभागावर खरे आहे. गाडीचा टप अमर्याद नसतो, त्यामुळे प्रत्यक्ष फायदा बराच कमी मिळतो. उलट १४५ मेगाहर्ट्झला पाच-अष्टमांशाची कांडी सव्वा मीटरच्या आसपास जाते. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो आणि लांब कांडी तरफेसारखी चुंबक उचकटू पाहते. मोकळ्या सपाट प्रदेशात, एकाच जागी गाडी उभी करून दूरचे स्टेशन गाठणाऱ्यांना ती उपयोगी आहे. डोंगराळ भागात, जिथे रिपीटर (आलेला सिग्नल पुन्हा प्रक्षेपित करणारे केंद्र) उंचावर असतो, तिथे क्षितिजालगत शक्ती एकवटणाऱ्या लांब अँटेनापेक्षा साधी चतुर्थांश कांडी अनेकदा सरस ठरते. रोजच्या वापरासाठी अर्ध्या मीटरच्या आसपासचा दोन बँडांचा अँटेना पुरेसा आहे.

गेनच्या आकड्यात हरवून जाणारी गोष्ट म्हणजे केबल. मॅग माउंटला ती बहुधा कायमची जोडलेली असते, म्हणजे बदलता येत नाही, आणि तरी खरेदीच्या वेळी तिच्याकडे कोणी पाहत नाही. आरजी-१७४ ही बारीक केबल दाराच्या फटीतून सहज जाते, पण ४३५ मेगाहर्ट्झला तिच्या चार मीटरमध्ये दोन डेसिबलहून अधिक शक्ती खर्ची पडते. ५० वॅटपैकी अँटेनापर्यंत ३० वॅटांच्या आसपासच पोहोचतात आणि येणारा क्षीण सिग्नलही तितकाच घटतो. आरजी-५८ मध्ये हा तोटा दीड डेसिबलच्या आसपास राहतो. पाच वॅटच्या हँडीसाठी, म्हणजे हातात धरायच्या सेटसाठी, थोड्या अंतरासाठी बारीक केबल चालवून घेता येईल. ५० वॅटच्या सेटसाठी नाही. गंमत अशी, की तोट्याची केबल एसडब्ल्यूआर मीटरवर (अँटेनाकडून किती शक्ती परतते याचा अंदाज देणारा मीटर) अधिक चांगली दिसते, कारण परत येणारी शक्तीही वाटेतच जिरते. म्हणून मीटरवरचा सुंदर आकडा हा चांगल्या अँटेनाचा पुरावा मानू नये. दोनास एक एसडब्ल्यूआरला सुमारे ११ टक्के आणि दीडास एकला जेमतेम ४ टक्के शक्ती परतते. त्याखाली घासाघीस करण्यात वेळ घालवण्याजोगे काही नाही. मोजमाप मात्र अँटेना त्याच्या नेहमीच्या जागी ठेवून, दारे बंद करून घ्यावे.

केबल दाराच्या रबरातून नेताना ती चेपणार नाही असा कोपरा शोधावा आणि आत शिरण्यापूर्वी खाली झोल द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी तिच्यावरून ओघळत गाडीत येणार नाही.

चुंबकाच्या बाबतीत मोठा व्यास दोन्ही अर्थांनी लाभाचा आहे: पकडही वाढते आणि वर सांगितलेला कपॅसिटरही. निओडिमियमचे छोटे चुंबक जोरकस असतात, पण त्यांच्या सामान्य प्रतींची मर्यादा सुमारे ८० अंश सेल्सिअस असते, आणि कडक उन्हात उभ्या गाडीचा गडद टप बराच तापतो. फेराइटचे चुंबक उष्णता अधिक सोसतात. बैठकीखाली अडकलेला वाळूचा एखादा कण टपाचा रंग खरवडू शकतो, त्यामुळे दोन्ही पृष्ठभाग पुसूनच अँटेना ठेवावा, आणि काढताना केबल ओढण्याऐवजी बैठक एका कडेने तिरकी करून उचलावी. हृदयात पेसमेकर असलेल्या व्यक्तीने हे चुंबक छातीपासून दूर ठेवावेत. प्रक्षेपण चालू असताना टपाला टेकून कोणी उभे नाही ना, हेही पाहावे. आत बसलेल्यांना टपाच्या पत्र्याचे बऱ्यापैकी संरक्षण असते, बाहेरच्याला नसते.

आपल्या दैनिकाच्या तंत्रज्ञानविषयक मजकुरात अशा उपकरणांची माहिती येईल तेव्हा गेनच्या आकड्यापुढे तो काल्पनिक अँटेनाच्या तुलनेत आहे की डायपोलच्या, केबल कोणत्या जातीची व किती लांब आहे, बैठकीचा व्यास किती आणि चाचणी कोणत्या टपावर झाली, एवढे छापले जावे, अशी विनंती आहे. उत्पादक ही माहिती देत नसेल, तर ‘माहिती दिलेली नाही’ असे छापले तरी खरेदीदाराला पुरेसा इशारा मिळेल.

आपला वाचक,
एक परवानाधारक हौशी रेडिओचालक