शेवटच्या कपाखाली काय?

पाचपाखाडी, ठाणे
रविवार, दुपार

प्रिय मन्या,

तुझा प्रश्न फोनवर वाचला आणि तिथेच उत्तर टंकायला घेतलं. चौथ्या ओळीला अंगठा दुखायला लागला, म्हणून मुलीच्या वहीची पानं फाडून बसलोय. कप आणि गोळ्यांच्या जादूत गोळ्या गायब होतात, परत येतात, एका कपाखालून दुसऱ्याखाली जातात, इथवर तुझा हात बसला हे वाचून बरं वाटलं. चाळिशी उलटल्यावर बोटं वळायला लावणं सोपं नाही. आता तू विचारतोस, शेवटी गोळीच्या जागी कपाखालून काढू काय, आणि सगळे लिंबूच का काढतात?

लिंबाचंच आधी सांगतो. ते विलायती जादूगारांकडून आलंय. तिकडचं लिंबू पिवळं, जाड सालीचं, मूठभर. आपलं कागदी लिंबू म्हणजे वाडग्यात ठेवलेली सुपारी. माझ्या कपाचं तोंड तीन इंचांचं. त्याखालून कागदी लिंबू निघालं की लोक 'अच्छा' म्हणतात, 'आई गं' म्हणत नाहीत. तरी मी हट्टाने वर्षभर लिंबंच वापरली. मग कळव्याला एका बारशात पहिला कप उचलला, लिंबू. दुसरा उचलला, लिंबू. तिसऱ्याला हात घालतोय तोच बाळाची पणजी पलंगावरून म्हणाली, "हे काय, तान्ह्या पोराच्या घरात उतारा टाकायला आलायस का?" सगळे हसले, पण ती हसली नाही. शेवटी बाळाच्या काकाने ती तिन्ही लिंबं कागदात गुंडाळून बाहेर नेली. सरबतसुद्धा कुणी केलं नाही. दारावर लिंबू-मिरची टांगणाऱ्या मुलखात आपण उतरलोय, हे मला तेव्हा कळलं.

मग मी बटाट्यावर आलो. तू हसशील, पण बटाट्यासारखी वस्तू नाही. एक तर कप उचलल्यावर तो टेबलावर बसून राहतो. मोसंबं गडगडत जातं आणि लोक तुझ्याकडे न बघता ते पकडायला धावतात. दुसरं म्हणजे 'बटाटा!' हा शब्द ओरडायला बनवलेला आहे. पोरांच्या तोंडून तो एकदम फुटतो. वस्तू अशी हवी की डोळ्यांना दिसायच्या आधी तोंडाने तिचं नाव घ्यावं. मी एकदा चिकू काढले होते. निम्मे म्हणाले बटाटा, निम्मे म्हणाले काय आहे ते, आणि पुढच्या रांगेतल्या बाईंनी चष्मा लावेपर्यंत चमत्कार शिळा झाला.

आता मापाचं नीट ऐक, कारण सगळा खेळ तिथे आहे. गोळी एवढुशी. दहा मिनिटं माणसं त्या एवढुशा गोळीच्या मागावर असतात, त्यामुळे कपात एक गोळी मावेल एवढीच जागा आहे असं त्यांचे डोळे धरून चालतात. शेवटची वस्तू कप भरून टाकणारी हवी. पण ठासून भरणारी नको. कडेला नखाएवढी फट राहिली पाहिजे, म्हणजे कप सरळ वर उचलला की वस्तू आपल्या वजनाने सुटते. उंची जास्त झाली तर कडा टेकत नाही आणि कप डुगडुगतो. डुगडुगणारा कप पहिल्यांदा दिसतो तो सात वर्षांच्या पोरांना.

म्हणून मी खरेदीला कप खिशात घालून जातो. जांभळी नाक्यावर एका मावशींच्या पाटीसमोर उकिडवा बसून तांब्याच्या कपात एकेक बटाटा घालून बघत होतो. मावशींनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "दादा, बटाटे तोलून घेतात, घालून नाही बघत." कशासाठी ते सांगितल्यावर कप माझ्या हातातून घेतला आणि पाटीतून मोजून तीन काढून दिले. तिन्ही बरोब्बर! आता गणपतीच्या आधी गेलं की त्या स्वतःच गोलगोल बाजूला काढून ठेवतात आणि पाव किलोचे पैसे अर्ध्या किलोसारखे घेतात. ती त्यांची हातचलाखी.

कांदा मात्र टाळ. भाव चढले की विनोद चांगला होतो, 'हल्ली लपवूनच ठेवावा लागतो' वगैरे. पण कांदा चुगलखोर. त्याचा पापुद्रा खिशात सुटतो, बोटाला लागतो आणि तिथून पांढऱ्या गोळीला चिकटतो. माझ्या गोळीवर नखाएवढी जांभळी साल होती, मला दिसली नाही. समोरचं पोरगं शांतपणे म्हणालं, "काका, पुढे कांदा आहे ना?" बटाटेवड्याचा विचारही करू नकोस. केलाय मी. वास आधी पोचतो.

आता मोदकांची गोष्ट, जी तुला फोनवर मुद्दाम सांगितली नव्हती. मागच्या वर्षी सोसायटीच्या गणपतीत माझा कार्यक्रम होता. म्हटलं, प्रसंगाला शोभेल असं करू, उकडीचे मोदक काढू. बघ ना, खाली चपटा, वर निमुळता, कप उपडा घातला की आत तंतोतंत. देवाने आकारच आपल्यासाठी दिलाय असं वाटलं. चार वाजता उकडले, साडेआठला खेळ. पहिला मोदक निघाला, टाळ्या. दुसरा निघाला, शिट्ट्या. तिसरा कप मी हात उंचावून उचलला, आणि खाली टेबल. रिकामं. उकड तांब्याला आतून चिकटून बसलेली. लोकांना वाटलं हाच शेवट, बिचारे टाळ्या वाजवायला लागले. मी वाकून नमस्कार केला, कप हातात तसाच, आणि 'थप्' करून मोदक माझ्या बुटावर. सगळा मंडप गप्प. मग मागून एक आजोबा, "प्रसाद असा टाकतात का रे?" गूळ-खोबऱ्याचं सारण कपाच्या आतल्या वळीत गेलेलं. आपल्या ठाण्याचीच पितांबरी, ती लावून दोन दिवस घासत होतो.

परवा सेनेका वाचत होतो. पहिल्या शतकातला रोमन. लुसिलियस नावाच्या मित्राला लिहिलेल्या 45 व्या पत्रात त्याने पेले आणि खड्यांच्या या खेळाचा दाखला दिलाय. म्हणतो, यातली फसवणूकच मला रिझवते, युक्ती कळली की गोडी संपली. म्हणजे मित्राला पत्र लिहिताना या खेळाचा विषय निघणं हे दोन हजार वर्षांचं जुनं खूळ आहे, माझं एकट्याचं नाही. आणि बॉश या जुन्या डच चित्रकाराच्या नावावर असलेलं ते जादूगाराचं चित्र तुला आठवतं का, मी कॅलेंडरमधून कापून ठेवलेलं? टेबलावर पेले आणि गोळ्या, समोर वाकून बघणाऱ्याच्या तोंडातून बेडूक बाहेर येतोय आणि मागचा माणूस आभाळाकडे बघत त्याची थैली लंपास करतोय. लहानपणी मी फक्त थैली बघायचो. आता बेडूक बघतो. टेबलावर काय निघेल याकडे सगळे बघतायत आणि निघतंय कुठून, तर बघणाऱ्याच्या तोंडातून!

बेडकावरून आठवलं, पिल्लू काढायचं तुझ्या डोक्यात असेल तर काढून टाक. तलावपाळीला तो लाकडी वाट्यांवाला बसायचा, डोक्यावर बोंडं असलेल्या बुटक्या वाट्या, चिंध्यांच्या गोळ्या. शेवटी त्याने कोंबडीचं पिल्लू काढलं आणि आपण दोघं आठवडाभर दुसरं काही बोललो नव्हतो. इजिप्तमधल्या पोर्ट सैदला बोटींवर चढणारे गलीगली जादूगारही पिल्लांसाठीच प्रसिद्ध होते. पण ते पिल्लू तासभर कुठे कोंडलेलं असायचं, हे आता कळतं. माझा खिसा सप्टेंबरात मलाच सहन होत नाही.

तर मुद्दा हा. तिन्ही कपांखाली एकच वस्तू ठेवलीस तर तिसरी वाया जाते. तिन्ही वेगळ्या ठेवल्यास तर भाजीची पिशवी ओतल्यासारखं वाटतं. मी आता दोन बटाटे आणि तिसरं काहीतरी असं ठेवतो. पहिला बटाटा त्यांना फसवतो. दुसरा ते ओळखतात आणि खूश होतात. तिसऱ्या कपाला हात लावताच कप उचलायच्या आधीच ती पोरं 'बटाटाSS' ओरडतात, आणि नेमकं तेव्हा मला ती हवी तिथे सापडलेली असतात.

ते तिसरं काहीतरी मला यंदा मिळालं. आमच्या पार्किंगमध्ये पोरं अंडरआर्म खेळतात. तळमजल्यावरचे एक काका खिडकीवर आपटलेला प्रत्येक बॉल जप्त करतात आणि बाल्कनीतल्या निळ्या बादलीत टाकतात. मी त्यांच्याकडे गेलो. आधी माझंच बौद्धिक घेतलं, काचेची किंमत सांगितली, मग कशाला हवा ते ऐकून आत गेले आणि बादलीच घेऊन आले. अकरा बॉल. त्यांनी स्वतः निवडून दिला, पेनाने 'ओ' लिहिलेला, कारण त्या ओमकारने त्याच्यासाठी त्यांच्या दाराशी सगळ्यात जास्त फेऱ्या मारल्या होत्या म्हणे.

टेनिसचा बॉल साडेसहा सेंटिमीटरचा, म्हणजे तीन इंचांच्या तोंडात झकास बसतो. आवाज अजिबात करत नाही. घुसवताना कडेला लागला तरी दबतो. (कधी घुसवायचा ते इथे लिहीत नाही, हे पत्र पोस्टात टाकायच्या आधी बायको वाचणार.) गडगडतो, हा त्याचा दोष मी वर सांगितलाच. पण या वस्तूला तो दोष गुणासारखा लागू पडला. 'बटाटाSS' झालं, कप उचलला, हिरवट मळका बॉल टेबलावरून घरंगळत निघाला आणि अक्षर वर आलं. एक क्षण कुणीच काही बोललं नाही. मग ओमकार खुर्चीवर उभा राहून किंचाळला, "माझा!" आणि बॉल घेऊन जिन्याकडे पळाला. त्याच्यामागे यच्चयावत पोरं. मंडपात उरलो मी, दोन बटाटे आणि ज्येष्ठ नागरिक. काका पहिल्या रांगेत मान डोलावत टाळ्या वाजवत होते. साडेनऊला खालून त्यांच्या काचेवर 'ठप्' ऐकू आलं.

तुझ्याकडे वाचनालयात कार्यक्रम आहे ना? मग बटाटे इथून पाठवायची गरज नाही, तिसरी वस्तू तिथेच आहे. तुमच्या ग्रंथपालबाई रोज टेबलभर शोधतात तो तारखेचा शिक्का. बाईंना सामील करून घे, कार्यक्रमाच्या आधी दोनदा मोठ्याने शोधायला लाव. फक्त शिक्क्याची मूठ उंच असते, तेव्हा कपाची खोली पट्टीने मोजून मला कळव. डुगडुगत असेल तर मूठ काढता येते का ते बघ, आणि शाईचं पॅड आदल्या दिवशी त्याच्यापासून लांब ठेव. नाहीतर तुझ्या गोळीवर कालची तारीख उमटेल.

वहिनींना नमस्कार. दिवाळीत येशील तेव्हा ते लाकडी वाट्यांचे कप घेऊन ये, तुझ्याकडेच आहेत, माझे आहेत.

तुझा,
बाळ्या