धंतोलीतल्या एमआरआयवाल्या भाऊंना

भाऊ, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. फेब्रुवारीत सक्करदऱ्याहून आईला व्हीलचेअरवर घेऊन आले होते. गळ्यातली काळी पोत काढायला तयार नव्हती, तीच.

त्याआधीचे आठ महिने आठवले की अजून जीव जळतो. पायातली चप्पल निघून जायची आणि आईला पत्ताच नसायचा. तीन ठिकाणी दाखवलं. वय झालं, मणका झिजला, पट्टा बांधा, कॅल्शियम घ्या. दोनदा एक्स-रे काढले. त्यात हाडं दिसतात, आतल्या मज्जारज्जूला दाबणारी गाठ कुठून दिसणार? त्या तिघांपैकी एकानंही तिच्या पावलाला हात लावून पाहिला नाही.

मशीन बघून ती रडायला लागली, तेव्हा तुम्ही तिच्या पावलावर हात ठेवलात. "मावशी, घाबरू नका, मी इथंच आहे." ती म्हणाली, "कुठं आहेस रे बाबा?"

तुम्ही एकदम गप्प झालात. मग पोटरी, गुडघा, मांडी, पोट असं बोट लावत वर गेलात. बेंबीच्या वर आल्यावर ती म्हणाली, "आता कळलं." तुम्ही धावत जाऊन रेडिओलॉजिस्ट मॅडमना घेऊन आलात.

चिठ्ठी कंबरेच्या एमआरआयची होती. मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो आणि बधिरपणा बेंबीपर्यंत, म्हणजे दोष वर पाठीत, असं मॅडम म्हणाल्या. डॉक्टरांना फोन करून त्यांनी पूर्ण मणक्याचा स्कॅन केला. डी-8 ला, म्हणजे पाठीच्या आठव्या मणक्यापाशी, गाठ निघाली. गॅडोलिनियमचं, म्हणजे गाठ स्कॅनमध्ये उठून दिसावी म्हणून देतात ते इंजेक्शन दिल्यावर ती पांढरीशुभ्र उजळली. मज्जारज्जूभोवतीच्या आवरणाच्या आत, पण मज्जारज्जूच्या बाहेर, त्याला एका अंगाला रेटून बसलेली. मेनिन्जिओमा, म्हणजे त्या आवरणातूनच वाढणारी गाठ. ऑपरेशननंतरच्या तपासणीतही तेच आलं, कॅन्सर नाही. नुसता कंबरेचाच एमआरआय काढला असता तर आम्ही घरी येऊन पुन्हा पट्टाच बांधला असता.

पण भाऊ, मला आठवतं ते नंतरचं. माझ्या अंगावर धातूचं काही नाही ना, हे तुम्ही नीट तपासलंत, मला आत उभं केलंत आणि आईचा हात माझ्या हातात दिलात. "ताई, पाय नको, हात धरा. हात कळतो त्यांना." त्या धडधडाटात पाऊण तास मी तो हात सोडला नाही. ऑपरेशनच्या आधल्या रात्रीही तोच धरून बसले होते.

बाहेर किती पेशंट खोळंबले होते! चिठ्ठीवर होतं तेवढं करून तुम्ही मोकळे झाला असता, तरी कुणी बोट दाखवलं नसतं. अशी माणसं अजून आहेत, म्हणून आमच्यासारख्यांचं निभतं.

आई आता काठी घेऊन चालते. परवा भर दुपारी अनवाणीच अंगणात गेली आणि ओरडली, "अगं बाई, पाय भाजले!" आपलं नागपूरचं मे महिन्याचं ऊन. मी चप्पल घेऊन धावले, आणि बाबा दारातच रडायला लागले.

तुमच्या त्या मावशीची लेक