माई, तुम्ही आधी मांजराची चौकशी केलीत

मयेच्या माईंना सादर नमस्कार.

हे पत्र तुमची सून तुम्हाला वाचून दाखवेल असं धरून चालले आहे. चारचौघांत लिहायचं कारण एवढंच की समोर बसून आभार मानायला गेलं तर तुम्ही 'पुरे गो' म्हणता आणि विषय बांगड्याच्या भावावर नेता. इथं तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही.

झिलू आमच्याकडे आला तो जूनच्या पहिल्या पावसात, धाकट्याच्या दप्तरातून. रस्त्यावरचं कुत्र्याचं पिल्लू, एक कान उभा, एक पडलेला. पोटाला चार घास मिळाले आणि अंगात वारं शिरलं. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला की धाव, केरसुणी हलली की धाव, आणि आक्का दिसली की तर विचारूच नका. आक्का म्हणजे आमची मांजर. आठ-नऊ वर्षांची, अंगानं भरलेली, ओसरीवरचा झोपाळा स्वतःच्या नावावर असल्यासारखी वागणारी. ती जी माळ्यावर गेली ती खाली येईना. मग खाणं सोडलं.

सल्ल्यांना तोटा नव्हता. एका दवाखान्यात आमच्याकडे मान वर करून न बघताच 'भूक लागली की खाईल' असं ऐकवलं. सगळे पैसे आगाऊ घेणारा एक प्रशिक्षक म्हणाला, दोघांना एका खोलीत कोंडा, तासाभरात आपसांत मिटवतील. माझी ती पोर आठ-नऊ वर्षं जिथं राजासारखी फिरली, तिथं तिला कुत्र्याबरोबर कोंडायचं! आणि एका जवळच्या नातलगानं तर म्हापशाच्या मासळी बाजारात नेऊन सोडायला सांगितलं; 'खाऊन पिऊन मजेत राहील.' ते चवथीला येतीलच. त्यांचं पान माळ्यावर मांडायचा माझा विचार आहे.

तुम्हाला बोलवा असं सुचवलं ते आमच्या औषधाच्या दुकानातल्या पोरानं. छत्री मिटून तुम्ही आत आलात तोच झिलूनं लुगड्याचा काठ तोंडात धरला. येणारा प्रत्येक माणूस इथं एक तर 'कित्ती गोड' म्हणायचा, नाहीतर 'कसला द्वाड' म्हणायचा. दोन्ही वेळा बोलणं झिलूबद्दलच. तुम्ही काठ सोडवून घेतलात, त्याच्याकडे बघितलंही नाहीत, आणि विचारलंत, 'मांजर खंय आसा?'

माई, तेव्हा मला रडू आलं ते तुम्हाला दिसलं की नाही, ठाऊक नाही. इतक्या दिवसांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

मग माळ्याकडे एकदा बघून तुम्ही म्हणालात, तिथून तिला काही दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. न दिसणाऱ्या गोष्टीची भीती जास्त. उंच जागा दे, पण घर दिसेल अशी दे. आणि आम्ही काही करायच्या आत स्वतः स्टुलावर चढलात. मखराची खोकी, माझ्या लग्नातला न वापरलेला डिनर सेट, सासूबाईंचा बंद पडलेला रेडिओ, सगळं कपाटावरून एकेक करून खाली दिलंत. मोकळ्या जागेवर खांद्यावरचा टॉवेल घडी करून अंथरलात. पावसात डोकं पुसायला आणलेला, तुमचा स्वतःचा. 'हांगा बसूं दी तिका. घर तिचें.'

नंतरचं सगळं, दोरी, मधलं जाळीचं दार, दोघांची फडकी अदलाबदल करणं, उकडलेल्या चिकनचे बारके तुकडे, ते तुम्ही आमच्याकडून करून घेतलंत आणि ते कामाला आलं. पण मला आठवतो तो कपाटावरचा टॉवेल.

आणि शेपटीचं. कुत्र्याची शेपूट हलते ती बहुतेक वेळा चल खेळूया म्हणून, मांजराची आपटायला लागली की ती पुढं येऊ नकोस म्हणून. झिलू पुढचे पाय टेकून ढुंगण वर करायचा ती त्याची विनवणी. आक्काला ती झडप वाटायची. ती पळायची, आणि पळणारं काही दिसलं की पिल्लाला मागं धावायचंच असतं. संध्याकाळी त्याचं जे डोकं फिरायचं तेही म्हणे जास्तीच्या ताकदीनं नव्हे, थकव्यानं. एवढ्या पिल्लाला दिवसाचे १८ ते २० तास झोप लागते! आमच्या घरात बारा माणसांची ये-जा, तो कधी झोपणार?

अजून एक. भरलेल्या अंगाच्या मांजरानं दोन-तीन दिवस काही खाल्लं नाही तर चरबी यकृतात साठून जिवावर बेततं, म्हणून तुम्ही त्याच संध्याकाळी आम्हाला दुसऱ्या डॉक्टरकडे पिटाळलंत, भर पावसात रिक्षा थांबवून. 'भूक लागली की खाईल' म्हणणाऱ्यांच्या दारावर हे कुणीतरी चिकटवायला हवं.

गोव्यात अशी माणसं आहेत बरं का, फक्त ती पाटी लावून बसत नाहीत. उन्हातान्हात हातात जाळी घेऊन रस्त्यावरच्या कुत्र्यांमागं पळणारी, लस टोचून सोडून देणारी पोरं आम्ही सगळ्यांनी पाहिलीत. २०२१ साली गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं ते त्यांच्या पायांवर. बाजार उठल्यावर माशांची डोकी वेगळी काढून ठेवणाऱ्या कोळणी आहेत. औषधाच्या दुकानातला तो पोरगाही त्यातलाच. मोठ्यानं ओरडणाऱ्याकडे सगळेच बघतात, कोपऱ्यात गप्प बसलेल्याची आठवण ज्याला येते त्याच्या हाती मी डोळे मिटून घर सोपवीन.

आता खरं सांगते, दोघांची काही मैत्री जमलेली नाही. फोटोत असतात तशी गळ्यात गळा घालून ती झोपणार नाहीत, आणि तशी झोपावीत असा माझा हट्टही नाही. आक्का त्याच्यासमोरून चालत जाते, न पळता. तो बघतो, मग खाऊसाठी माझ्याकडे वळतो. परवा कपाटाशी फार लगट केली तेव्हा एक चापट बसली, नखं आत ठेवून. जेवण ती दोन वेळा चाटूनपुसून खाते.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. नेवऱ्या मात्र घ्याव्याच लागतील, आणि गणपती पोचवल्यावर एक दिवस सुंगटांचं हुमण खायला यायचं आहे. चवथीच्या फटाक्यांत झिलूला कुठं ठेवायचं तेही तेव्हाच ठरवू असं म्हणणार होते, पण ते आधीच विचारायला हवं. रविवारी फोन करते.

आणि रागावू नका, पलीकडच्या वहिनींनी परवा पिल्लू आणलंय. त्यांच्याकडे बोका आहे. तुमचा नंबर दिला आहे मी.

आपली,
डिचोलीची, आक्काची आई