काइमानची ओळख हरवली, मग एबिसुचं काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत 'डोरोहेडोरो' या जपानी ॲनिमेच्या पहिल्या एपिसोडवर लेख आला होता, त्याबद्दल लिहितोय. आधी एक सांगतो, मराठी पेपरात ॲनिमेवर 'लहान मुलांची कार्टून्स' न म्हणता अर्धं पान कुणीतरी लिहिलं याचाच आनंद झाला. पण लेखकाने सगळा एपिसोड म्हणजे स्वतःला शोधत फिरणाऱ्या बिचाऱ्या नायकाची गोष्ट करून टाकली, रक्तपात जरा जास्तच आहे म्हणून नाक मुरडलं आणि विषय संपवला. त्यात एबिसुचं नावसुद्धा नाही, आणि माझं म्हणणं असं की पहिल्या एपिसोडमध्ये बघण्यासारखं काही असेल तर ते तिचंच.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'होल' नावाचं एक घाणेरडं, गंजकं शहर, तिथे साधी माणसं राहतात. जादूगारांचं जग वेगळं, पण ते दार उघडून कधीही होलमध्ये उतरतात आणि सराव म्हणून रस्त्यावरच्या कुणावरही जादू मारतात. जादू म्हणजे मंत्र नाही की कांडी नाही, बोटांतून काळा धूर निघतो आणि समोरच्याचं काहीही होऊ शकतं, कुणाचे हातपाय भलतीकडे उगवतात तर कुणी माणूसच राहत नाही. असल्या पेशंटसाठी तिथल्या हॉस्पिटलात वेगळा विभाग आहे, म्हणजे हे किती रोजचं झालंय बघा. यातलाच एक काइमान, धड माणसाचं, डोकं पालीचं, आधीचं काहीच आठवत नाही. त्याच्यावर जादू चालत नाही आणि त्याच्या घशात एक माणूस राहतो. मग तो काय करतो, तर सापडेल त्या जादूगाराचं डोकं जबड्यात धरतो, आतला माणूस त्या जादूगाराकडे बघून काहीतरी बोलतो, मग काइमान डोकं बाहेर काढून विचारतो की आतला काय म्हणाला. आपलं हे असं करणारा जादूगार हा नाही असं कळलं की सुरा.

आता तो गल्लीतला सीन आठवा. एपिसोड सुरू होऊन धड काही कळायच्या आतच एका पोरीचं डोकं त्याच्या जबड्यात असतं. ती जादूगार एबिसु. तिच्याबरोबर आलेला जादूगार फुजिता घाबरून तिला कसंबसं ओढून दारातून पळवतो, पण ओढाओढीत काइमानच्या दातांनी तिचा चेहरा सोलून निघतो. दार बंद. कॅमेरा लगेच काइमान आणि त्याची मैत्रीण निकाइडोकडे, मग निकाइडोचं हॉटेल, ग्योझांची (मोमोसारख्या जपानी पदार्थाची) प्लेट, दोघांची मस्करी. आपणही निवांत होतो, कारण हे दोघं आहेतच इतके गोड की त्यांच्याबरोबर बसून खावंसं वाटतं. एवढ्यात तिकडे एका मुलीचं काय झालं हे डोक्यातून गेलेलं असतं, आणि दिग्दर्शकाला तेच हवंय असं मला वाटतं.

कारण एबिसु मरत नाही. पुढे नोई नावाची, जखमा बऱ्या करणारी जादूगार तिचा चेहरा बरा करते, पण डोक्यातलं गेलं ते गेलंच. कोण होती, काय करायची, काही आठवत नाही. म्हणजे काइमानवर जे कुणीतरी केलं, तेच काइमानने पहिल्या काही मिनिटांत दुसऱ्या कुणावर तरी केलं. आणि कळस म्हणजे एबिसुची जादू कोणती, तर समोरच्याला सरपटणारा प्राणी करून टाकायची! पालीचं डोकं घेऊन उत्तर शोधत फिरणारा माणूस, ज्या पोरीकडे निदान काहीतरी धागा सापडला असता, तिचीच आठवण स्वतःच्या दातांनी पुसून मोकळा झालाय आणि त्याला त्याचा पत्ताही नाही. हे कुणी संवादातून सांगत नाही, मागे गंभीर म्युझिक वाजत नाही, तुम्ही जोडलंत तर जोडलंत.

ती निष्पाप होती असंही नाही हां. तीही होलमध्ये माणसांवर हात साफ करायलाच आलेली. पण मग हिशोब लावायचा कसा? काइमानची आठवण गेली ते दुःख, आणि एबिसुची गेली तो विनोद? कारण पुढे मालिका तिला चक्क विनोदी पात्र करते. कवटीचा मुखवटा घालून ती काहीही बरळते, भलत्या वेळी भलतं करते, फुजिता तिच्यामागे धावून थकतो आणि बघणारा पोट धरून हसतो. डोक्याला मार लागून एक मुलगी पार बदलून गेलीय आणि आपण हसतोय, आणि तिच्या आजूबाजूच्यांना तीच एबिसु हळूहळू आवडायला लागते. जुनी एबिसु परत यावी म्हणून कुणी फारसं झुरत नाही. हे मला सगळ्या रक्तापेक्षा जास्त बोचतं. काइमानने मारलेल्या जोडीदारासाठी फुजिता सूड सूड करत फिरतो, पण जिवंत असून हरवलेल्या मुलीसाठी असं कुणाचंच काही पेटत नाही.

(पुढच्या परिच्छेदात पुढच्या एपिसोडमधलं थोडं फुटणार आहे, नको असेल तर सोडून द्या.)

लेखात 'वेड' हा मुद्दा आला होता पण फक्त काइमानपुरता. मला विचाराल तर तिथे सगळेच झपाटलेले आहेत. एन म्हणजे जादूगारांमधला बडा माणूस, बोटातून धूर सोडला की समोरच्याचं मशरूम, घर मशरूमचं, जेवण मशरूमचं, आणि त्याला हवीय काळावर चालणारी जादू असलेली व्यक्ती, त्यासाठी तो काहीही करेल. ही व्यक्ती कोण तर निकाइडो, काइमानला रोज खाऊ घालणारी. ती स्वतः जादूगार आहे आणि माणसांत माणूस म्हणून लपून राहतेय. काइमान दिवसा जादूगार मारतो आणि रात्री एका जादूगाराच्या हातचं पोटभर खातो! त्याला जुनं नाव नको तितकं हवंय, तिला जुनं नाव नको तितकं नकोय, आणि दोघं एकाच टेबलावर. काइमानकडे आत्ता काय नाही सांगा? जिवाभावाची मैत्रीण आहे, हॉस्पिटलात काम आहे, भूक चांगली लागते. पण आधी कोण होतो हे कळल्याशिवाय त्याला यातलं काही धरवत नाही, आणि प्रत्येक शोधात आत्ताचं थोडं थोडं पणाला लागतं. हा माणूस बिचारा आहे हे अर्धंच झालं, तो धोकादायकही आहे, आणि दोन्ही एकाच कारणाने.

रक्तपाताबद्दल. आहेच, मुलांना दाखवायची ही मालिका नाहीच, यात वाद नाही. पण जिथे चिरफाड शिलाईच्या सुट्या धाग्यासारखी सहज होते आणि तितक्याच सहज परत जोडली जाते, मेलेलाही उठवता येतो, तिथे शरीराची जखम स्वस्त होते. कापलेला हात नोई जोडून देईल. आठवण मात्र तिला जोडता येत नाही. लेखकाला जे नुसतं बीभत्स वाटलं त्याच्या शेजारीच हे ठेवलंय, म्हणून ते रक्त काढून टाकलं तर एबिसुचं नुकसान किती मोठं ते दिसणारच नाही.

अजून एक, लेखात थ्रीडी पात्रांवर टीका होती. २०२० साली मालिका आली तेव्हाही हीच ओरड होती. माप्पा स्टुडिओने पात्रं बरीचशी कॉम्प्युटरवर केलीत आणि काही ठिकाणी हालचाल अडखळते हे खरंय. पण मागची चित्रं बघा ना. शिंजी किमुरांनी त्या जगाचं डिझाइन केलंय, ओल धरलेल्या भिंती, लोंबत्या वायरी, काळपट आभाळ, एक एक फ्रेम थांबवून बघावी अशी. क्यू हायाशिदा यांच्या मूळ मांगात (जपानी कॉमिक्समध्ये), जी २००० ते २०१८ अशी चालली आणि २३ खंड झाली, त्यातलं ते काजळी लागलेलं रेखाटन पडद्यावर इतकं उतरेल असं वाटलं नव्हतं. वाटारू ताकागींनी काइमानला दिलेला आवाज तर असा की एवढा मोठा पालीचा जबडा बोलतोय आणि आतून एखादं भाबडं पोरगं ऐकू येतंय. त्या आवाजामुळेच आपण त्याला सगळं माफ करून टाकतो, हाही मुद्दा लेखात यायला हवा होता.

पुढचे एपिसोडही तुम्ही घेणार असं लेखाखाली लिहिलंय म्हणून विनंती एवढीच, लेखकांना सांगा की पुढचं लिहायच्या आधी तो गल्लीतला सीन परत लावा, आणि यावेळी काइमानकडे बघू नका, जबड्यातून बाहेर आलेल्या त्या पोरीकडे आणि तिला ओढणाऱ्या फुजिताकडे बघा. मग पटलं नाही तर तसं छापा, मी परत पत्र लिहीन.

आपला,
एक नियमित वाचक